भिक्षा कोल्हापुरी, भोजन पांचाळेश्वरी

दत्तात्रेयांच्या दिनक्रमाइतका दमवणारा दिनक्रम दुसऱ्या कुठल्या देवाचा नसेल. पहाटेचं स्नान काशीला, असं कोणी सांगतं. महानुभाव मंडळी म्हणतात, काशी नव्हे, माहूरचं मेरुवाळा तळं. म्हणजे आंघोळीपासूनच मतभेद. भिक्षा कोल्हापुरात आणि रात्रीची झोप माहूरगडावर, याबद्दल मात्र फारशी कुरकुर नाही. मधल्या भोजनासाठी महाराज येतात ते आमच्या बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या पांचाळेश्वरला, गोदावरीवर. आता ज्याला कोल्हापूर आणि गोदाकाठ यांच्यातलं अंतर ठाऊक आहे, त्याला प्रश्न पडणारच. झोळीत करवीरचं अन्न पडलेलं, पुढ्यात पंचगंगेचा घाट, घाटावर सावली. तिथंच बसून दोन घास खावेत, की शंभरेक कोस उत्तरेला येऊन मग झोळी सोडावी? देवाला वाटखर्च लागत नाही हे मान्य, पण निवलेलं अन्न देवाचंही निवलेलंच असणार. शास्त्री-पंडितांनी या कोड्याला हात घातल्याचं माझ्या ऐकिवात नाही. गोदाकाठच्या म्हाताऱ्यांना मात्र त्यात कोडं दिसतच नाही. तिथल्या पारावर एका आजोबांना विचारलं, तर ते तंबाखू मळता मळता म्हणाले, "भिक्षा कुठंबी मिळती हो. गोड कुठं लागती, ते बघावं लागतं."

प्रवासात चांगलं कुठं मिळेल, हा प्रश्न बीडला तसा उशिराच पोचला. बीड हे वर्षानुवर्षं मधलं गाव. धुळे-सोलापूर रस्त्यावर कोणी तुळजापूरला निघालेला, कोणी वेरुळला. बीडमध्ये लोक पाय मोकळे करत, चहा पीत, बाटलीत पाणी भरून घेत आणि पुढं जात. परळीला रेल्वे निजामाच्या अमदानीपासून आहे. जिल्ह्याच्या गावाला ती अहिल्यानगरकडून 17 सप्टेंबर 2025 रोजी आली. तोवर इथल्या पिढ्यांनी तिला फक्त निवडणुकीच्या भाषणांतून धावताना पाहिलं होतं. आता पाहुणे मुद्दाम बीडला म्हणून येतात, पिशवी खाली ठेवायच्या आत फोन लावतात आणि विचारतात, "तुमच्याकडे बेस्ट काय मिळतं?" या प्रश्नानं बीडचा माणूस थोडा गोरामोरा होतो. घरातल्या कुठल्या लेकरावर जास्त जीव आहे, असं कोणी चारचौघांत विचारावं, तसं त्याला वाटतं.

जालना रोडवरच्या एका टपरीपुढं एकदा पुण्याची गाडी थांबलेली मी पाहिली. काच खाली आली. "दादा, इथं जेवायला चांगलं कुठं मिळेल?" एवढंच त्या माणसानं विचारलं. बाकड्यावर चौघं बसले होते. त्यातले आप्पा म्हणाले, "मटण खायचं तर सरळ नेकनूर गाठा. मधी कुठं थांबूच नका." शेजारच्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आप्पा, माघं बसलेल्या बाईच्या गळ्यात माळ दिसायली. त्यांना काय मटण सांगायलात!" तिसऱ्याचं म्हणणं, हुलग्याचे शेंगुळे खावेत, तेही पाटोद्याकडचे. "ते हाटेलात कुठं मिळतेत?" "हाटेलात कशाला? घरी जायचं." "कुणाच्या घरी?" "माझ्या मेव्हण्याच्या. मी फोन करतो की." चौथा इतका वेळ बशीतला चहा फुंकत होता. त्यानं शेवटी निकाल दिला की हाटेलात भूक मोडती, जेवण होत न्हाई. चर्चा चांगली रंगात आली. नेकनूरच्या मटणाला रस्सा पातळ हवा की दाटसर, इथपर्यंत ती पोचली, तेव्हा गाडीवाल्यानं टपरीवरचे चार क्रीमरोल घेतले आणि सगळ्यांना नमस्कार करून तो निघून गेला.

त्या चौघांतला एकही जण खोटं बोलला नव्हता. आप्पांच्या तोंडी नेकनूर का आलं, हे मला पुढं कळलं. तरुणपणी तिथल्या बाजारात त्यांची बैलजोडी मनासारख्या भावानं गेली होती आणि वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या हातानं, त्यांच्या ताटात वाढलं होतं. पाटोद्याचे शेंगुळे त्या तिसऱ्यानं बहिणीला भेटायला गेल्यावर खाल्लेले, भर पावसात, अंगावरचे कपडे चुलीपुढं वाळत घालून. आपण पाहुण्याला हॉटेलचं नाव सांगतो, रस्ता सांगतो, डावं-उजवं वळणही सांगतो. ती दुपार, तो पाऊस आणि ती बहीण मात्र सांगायची राहून जाते, आणि पाहुणा बिचारा त्यांच्याशिवायचा नुसता रस्सा खाऊन येतो. मग म्हणतो, बरं होतं, पण एवढं काही नाही.

बीडबद्दल नाराजी नोंदवून गेलेला सगळ्यात बडा पाहुणा म्हणजे महंमद तुघलक. चौदाव्या शतकात वारंगळच्या बाजूनं आजारी होऊन दौलताबादला परतताना त्याचा मुक्काम बीडला पडला आणि इथं त्याचा एक दात पडला. दिल्लीची राजधानी हलवणाऱ्या माणसाचा दात बीडला हलावा, हा नियतीचा विनोद म्हणायचा. इतिहासकार फरिश्त्यानं लिहून ठेवलं आहे की सुलतानानं तो दात समारंभानं पुरला आणि त्यावर कबर बांधवली. बीडजवळ करजणीच्या डोंगरावर ती वास्तू आजही दाखवतात. माणसाच्या कबरी पुष्कळ पाहिल्या, दाताची ही एकच. दात पडण्याआधी सुलतान काय खात होता, याबद्दल मात्र फरिश्ता गप्प आहे. आमच्याकडे खासगीत संशय घेतला जातो तो ज्वारीच्या कडक भाकरीवर. कडक भाकरी आमटीत चुरून, पाच मिनिटं मुरवून, मग बोटांनी कालवून खायची असते. पण हे सुलतानाला सांगायचं कोणी? दिल्लीहून माणसांचा तांडा दौलताबादला आणणाऱ्यापुढं "महाराज, आधी भाकर चुरा" म्हणायला छाती लागते. मला त्या एकाकी दुखऱ्या दाढेची कणव येते. सगळी फौज बाहेर उभी, हकीम हात बांधून उभे, आणि आत तंबूत एक माणूस गालावर हात ठेवून बसलेला. त्या रात्री त्याला कोणी मऊ खिचडी करून घातली असती, तर बीडचं नाव इतिहासात जरा बऱ्या कारणानं आलं असतं.

परमुलखातून आलेल्या जिभांची आम्हाला सवय नाही, असं नाही. अंबाजोगाईची योगेश्वरी मुळात कोकणातली, असं आख्यायिका सांगते. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला, आणि सगळं वऱ्हाड जागच्या जागी दगडाचं झालं. हत्तीखाना लेण्यातले दगडी हत्ती त्या वऱ्हाडातलेच, असं तिथली पोरंही सांगतात. ही गोष्ट ऐकताना सगळ्यांना नवरीचं वाईट वाटतं. मला त्याच्या जोडीनं परळीतल्या पंक्तीची काळजी लागते. तिकडे चुलाणं पेटली असतील, पत्रावळी मांडल्या असतील, वाढपी पदर खोचून, उपरणी बांधून उभे असतील, आणि वऱ्हाड काही येत नाही. त्या जेवणाचं पुढं काय झालं, हे कुठल्याच पोथीत नाही. देवी मात्र अंबाजोगाईला राहिली ती राहिलीच. भाताच्या मुलखातली लेक भाकरीच्या मुलखात. तिला ओल्या खोबऱ्याची आठवण येत असेल का, हा प्रश्न भाविकांना शोभणारा नाही, पण देवळातून बाहेर पडताना तो माझ्या मनात येतो खरा.

ती चित्पावनांची कुलदेवता, त्यामुळं पुण्या-मुंबईची, रत्नागिरी-चिपळूणची, अलीकडे थेट परदेशातली कुटुंबं तिच्या दर्शनाला येतात. त्यांची आमटी गूळ-आमसुलाची. आमची येसरची. धान्य, डाळ आणि मसाले खमंग भाजून दळायचे, त्या पिठाला येसर म्हणायचं, आणि त्याची लसूण-सुकं खोबरं घालून केलेली आमटी दाट, तांबूस, वर तेलाचा तवंग. देवळाजवळच्या एका घरगुती खानावळीत असंच एक कुटुंब बसलेलं होतं. आजी, मुलगा, सून, नातू. मुलानं ताट यायच्या आधीच सांगितलं, "मावशी, जरा कमी तिखट हं." मावशी चुलीपुढून न वळता म्हणाल्या, "कमीच हाय की." आमटी आली. मुलानं वरचा तवंग चमच्यानं बाजूला सारून पाहिला, तो लगेच मिटून पुन्हा पहिल्यासारखा झाला. दुसऱ्या घासाला त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सुनेनं पाण्याचा तांब्या जवळ ओढला. नातवानं सरळ भोकाड पसरलं. आजी तेवढी एक शब्द न बोलता भाकरी चुरत होती. मावशींनी हात पुसले, दह्याची वाटी आणून मधोमध ठेवली आणि त्या पोराच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "पयल्यांदा लागतं तसं, बाळा. देवीलाबी लागलं असंल." आजी एकदम हसली. उठताना तिनं येसरात काय काय घालता, ते विचारून घेतलं. मावशींनी कृती सांगायच्या ऐवजी वर्तमानपत्राच्या तुकड्यात मूठभर येसरच बांधून दिला. तो चिपळूणला जाऊन कुठल्या भांड्यात शिजला असेल आणि त्यात गूळ किती पडला असेल, याची कल्पना मी करू शकतो. देवी तरी कुठं नाही म्हणणार आहे?

आणि एकमत व्हायलाच हवं, असा आग्रह तरी कशाला? बारा ज्योतिर्लिंगांतल्या वैद्यनाथाचाच पत्ता घ्या. आम्ही सांगतो परळी, झारखंडची माणसं सांगतात देवघर, हिमाचलातले लोक बैजनाथकडे बोट दाखवतात, आणि जो तो आपल्या श्लोकाचा पाठ पुढं करतो. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात परळीच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, तेव्हा त्यांनी असला कसला वाद काढल्याचं ऐकिवात नाही. श्रावणात तिन्ही ठिकाणी रांगा लागतात आणि देव तिन्ही ठिकाणी पावतो. जिथं प्रत्यक्ष महादेवाच्या पत्त्याबद्दल लोकांना एकमत नसताना सुखानं नांदता येतं, तिथं भजी कुठली चांगली, यावरून मनं कडू करण्यात अर्थ नाही.

बघण्याच्या जागांचंही तेच. एकाच गाडीत बसून आलेली चार माणसं चार गावं बघून जातात. नवऱ्याला धारूरचा किल्ला चढायचा असतो. बायकोला कंकालेश्वराच्या कुंडापाशी, पाण्यात उभ्या असलेल्या देवळाकडे पाहत, कोणाशी न बोलता बसायचं असतं. सासऱ्यांना मुकुंदराजांच्या समाधीपुढं उभं राहून, 1188 सालचा विवेकसिंधु मराठीतला आद्यग्रंथ कसा, हे सगळ्यांना समजावून सांगायचं असतं. तेवढ्यात पोरांना वडापाव आठवतो. घरात एखादा इंजिनिअर असला तर तो सोळाव्या शतकातल्या खजाना विहिरीपाशी अडकतो. विजेचा पंप नाही, इंजिन नाही आणि नुसत्या उतारावर भुयारातून शेतापर्यंत पाणी कसं गेलं, हे तो ऐकणाऱ्याचा चेहरा पडेपर्यंत सांगत राहतो. सौताड्याचा धबधबा श्रावणात विंचरणेच्या दरीत असा कोसळतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. तोच उन्हाळ्यात गाठलात तर कोरडा कडा आणि माकडं. मे महिन्यात तिथं गेलेल्या एका गृहस्थांनी मला कळवलं होतं की जागा सुंदर आहे, मात्र धबधब्याची देखभाल नीट नाही.

काही चवी तर अशा असतात की त्या प्रवाशाकडे जात नाहीत, प्रवाशालाच त्यांच्याकडे यावं लागतं. बालाघाटाच्या माथ्यावर, जिथं मुरमाड जमिनीत दुसरं फार काही धरत नाही, तिथं सीताफळ धरतं. हे झाड पोर्तुगिजांच्या काळात अमेरिकेकडून आलं म्हणतात. म्हणजे तेही पाहुणंच, पण इथं असं रमलं की 2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. फळाचे डोळे उघडले, खपल्यांच्या मधली रेघ पिवळसर झाली, की ते उतरवायचं आणि धान्यात नाहीतर गवतात दडपून ठेवायचं. पिकलं की त्याच्याजवळ तुमच्यासाठी एखादा दिवस असतो, फार तर दोन. मुंबईला नेऊ म्हणाल तर ते वाटेतल्या घाटात डिकीतच फुटतं. आणि खायलाही ते उरक असलेल्या माणसाचं फळ नव्हे. मऊ गर तोंडात विरघळायच्या आत बी जिभेवर येते, ती निगुतीनं बाजूला काढायची, मग पुढची पाकळी. गाडी सुरू ठेवून सीताफळ खाल्लेला माणूस मी अजून पाहिला नाही. त्यासाठी बांधावर बसावं लागतं आणि बिया थुंकायला पुढ्यात मोकळं रान लागतं.

दत्ताच्या त्या लांबलचक वाटेचा विचार करताना मला दरवेळी आमचीच माणसं आठवतात. दसरा झाला की पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज या भागांतल्या वाड्या-तांडे रिकामे व्हायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार चढतो, भांडी, अंथरुणं, पिठाची पोती, एखादी शेळी, वर लेकरं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला सांगली, सातारा, कोल्हापूर, नाहीतर थेट कर्नाटक. ही माणसं भिक्षा मागत नाहीत. हिवाळ्यातल्या अंधाऱ्या पहाटे उठून ऊस तोडतात, मोळ्या डोक्यावर वाहून गाड्या भरतात आणि घामाचं घेतात. वाट मात्र तीच, देवाची. मिळवायचं तिकडे आणि खायला परत यायचं इकडे. जिल्ह्यातले सगळ्यात मोठे प्रवासी हेच, आणि कुठल्या गावाला काय चांगलं मिळतं, हे त्यांना कोणी विचारत नाही.

मी एकदा विचारलं. पाडव्याच्या सुमारास परतलेल्या एक काकू दारात बसून लसूण सोलत होत्या. म्हटलं, "काकू, पाच महिने कोल्हापूरला होतात. तांबडा-पांढरा रस्सा खाल्लात का?" त्यांनी मान वर केली. "त्यो काय असतो?" मी सांगितलं. पुण्या-मुंबईहून लोक त्याच्यासाठी गाड्या घेऊन जातात, हेही सांगितलं. त्यांना त्याचं नवल वाटलं, पण हेवा वाटल्याचं दिसलं नाही. म्हणाल्या, "आमचं काय, पहाटंच भाकरी थापायच्या, फडक्यात बांधायच्या न् फडात ठेच्यासंगं खायच्या. पीठ इथलंच नेलेलं. ते सरलं की तिथलं आणायचं. तिथलंबी चांगलं असतं, मानसंबी चांगली हायेत. पर भाकर फुगती न् लागत न्हाई." मग लसणाची टरफलं पदरातून झटकत म्हणाल्या, "आले त्या दिशी कायबी केलं न्हाई मी. भाकर न् कांदा घिऊन इथंच दारात बसले. दोन खाल्ल्या." गोदाकाठच्या पारावरचे आजोबा आणि या काकू यांची कधी भेट झालेली नाही, पण दोघांची पोथी एकच असावी. दत्तमहाराजांनी झोळी पांचाळेश्वरला का सोडली, हे कोडं त्या दिवसापासून मला पडलेलं नाही.

म्हणून बीडला आलात तर एवढं करा. सगळ्यात चांगलं काय मिळतं, असं कोणाला विचारू नका, माणसं उगाच अडचणीत येतात आणि तुम्हाला क्रीमरोल खावा लागतो. त्यापेक्षा "तुम्ही आज काय जेवलात?" असं विचारा. उत्तर लगेच मिळेल, खरं मिळेल, आणि बऱ्याचदा त्याच्या पाठोपाठ घरी येण्याचं आमंत्रणही मिळेल. ते नाकारू नका. सौताड्याला पावसाळ्यात या, सीताफळाला दसरा-दिवाळीच्या मधे, हुरड्याला थंडीत. येसरची आमटी बारा महिने असते. ती कमी तिखट हवी असेल तर आधी सांगून काही उपयोग होत नाही. मात्र नंतर दही मिळतं, आणि त्याचे पैसे कोणी लावत नाही.